वर कठीण, खाली मऊ : गोव्याच्या उतारावर भूभौतिक सर्वेक्षण करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : फोंड्याजवळ डोंगरउतारावर तीन इमारती उभ्या करायच्या आहेत आणि वरच्या अंगाला डोंगर कापून संरक्षक भिंत घालायची आहे. तीन बोअर मारून झाले. पहिल्यात ६ मीटरवर खडक लागला, दुसऱ्यात १४ मीटरवर. तिसऱ्यात २२ मीटरपर्यंत जाऊनही खडक मिळाला नाही. तिन्ही बोअर एकमेकांपासून ४० मीटरच्या आत आहेत. आता एक जण रेझिस्टिव्हिटी (विजेची) सुचवतो, दुसरा सिस्मिक (कंपनांची), तिसरा म्हणतो जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडणारा रडार, फिरवला की सगळे दिसेल. ऐकायचे कोणाचे? आणि त्याच सर्वेक्षणातून बोअरवेलची जागाही मिळेल का?

कोणालाही बोलावण्याआधी पहिल्या बोअरची कोअरपेटी, म्हणजे बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या (कोअर) ठेवलेली पेटी, उघडा. ६ मीटरवर लागलेला ‘खडक’ स्वतःच्या हातात घेऊन बघा. तांबूस, भोकाभोकांचा आणि हातोडीने बद्द आवाज देणारा असेल तर तो जांभा आहे. बोअरवाल्याचे यंत्र अडले, एसपीटीचे (ठोके मारून मातीची घट्टता तपासण्याच्या चाचणीचे) ठोके संपले, त्याने ‘रिफ्यूझल’, म्हणजे ‘पुढे जात नाही’, असे लिहिले आणि अहवालात त्याचा ‘खडक’ झाला. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता अहवालातला तक्ता वाचण्याआधी पेटीच मागतो. दगड करडा, घट्ट आणि बारीक कणांचा असेल तर तो मेटाग्रेवॅक (दाबाने बदललेला जुना वालुकाश्म) असण्याची शक्यता मोठी. पण त्याच्याखाली बोअर किती खोल नेला तेही बघा. एक मीटर करडा दगड आणि खाली पुन्हा पिवळी माती असेल, तर तो झिजलेल्या मातीत शिल्लक राहिलेला गोटा आहे. ताज्या खडकात सलग किमान ३ मीटर कोअर मिळाल्याशिवाय मी ‘खडक’ हा शब्द लिहीत नाही.

पहिल्या बोअरमध्ये खरोखर ताजा खडक आहे असे धरून पुढे जातो, कारण तसे असले तरी तुमचे तीन आकडे मला विचित्र वाटत नाहीत. फोंड्याच्या आसपास बऱ्याच भागात जमिनीखाली मेटाग्रेवॅक आणि आर्जिलाइट (घट्ट झालेल्या चिखलाचा दगड) यांचे पट्टे आलटून पालटून आहेत. हा गोवा समूहातला फार जुना, धारवाड काळचा खडक. तो दुमडला गेला, त्यामुळे पट्टे आडवे राहिले नाहीत, बऱ्याच ठिकाणी जवळजवळ उभे झाले. त्यांची धाव, म्हणजे पट्टे लांब पसरतात ती दिशा, साधारण वायव्य-आग्नेय. लाखो वर्षांचा पाऊस त्यांत मुरत गेला तेव्हा आर्जिलाइटचा पट्टा खोलवर कुजून चिकणमाती झाला आणि शेजारचा ग्रेवॅकचा पट्टा बरगडीसारखा वर राहिला. म्हणजे ताज्या खडकाचा माथा सपाट नाही आणि डोंगराच्या उताराला समांतरही नाही. नांगरलेल्या शेतासारखे तिथे सरी-वरंबे आहेत. तुमचा पहिला बोअर वरंब्यावर पडला, तिसरा सरीत. तीन आकड्यांमधून सरळ रेषा ओढून खडकाचा उतार काढला असेल, तर ती आकृती बाजूला ठेवा.

हा माझा अंदाज आहे. दुसरीही शक्यता आहे : तिसरा बोअर भेगांच्या पट्ट्यात गेला असेल, तिथे खडक भरडला गेल्याने कुजणे खोल गेले. आणि तिसरी, जी मला सर्वांत कमी आवडेल : वरून कधीतरी घसरून आलेल्या जुन्या दरडीच्या राडारोड्यात तुम्ही बोअर मारले आहेत. पाया आणि भिंत यांची रचना या तिन्ही चित्रांत वेगवेगळी होईल. म्हणून सर्वेक्षणाला घालायचा प्रश्न ‘खाली काय आहे?’ एवढा मोघम ठेवू नका. या तिन्हींपैकी कोणते चित्र खरे, हे कोणत्या मोजणीतून वेगळे कळेल, हा प्रश्न घाला. पद्धत त्यातूनच ठरते.

आता पद्धतींकडे येतो. एक गोष्ट मनात पक्की ठेवा : यातले कोणतेही यंत्र दगड मोजत नाही. एक वीज किती अडते ते मोजते, एक कंपन किती वेगाने जाते ते मोजते, एक चुंबकत्व मोजते. त्या आकड्यावरून दगड आपण ओळखतो. आणि गोव्यात तो ओळखताना फसायला होते, कारण आपल्याकडची जमीन पाठ्यपुस्तकातल्या जमिनीच्या उलटी आहे. पुस्तकात वर मऊ माती, खाली हळूहळू कठीण होत जाणारा खडक. आपल्याकडे वर चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याचा, कठीण थर, त्याखाली पांढरट-गुलाबी-जांभळट चिकणमाती, पाणी लागले की साबणासारखी बुळबुळीत होणारी, मग अर्धवट कुजलेला खडक आणि शेवटी ताजा खडक. चिरेखाण पाहिली असेल तर कामगार कुठे थांबतात तेही पाहिले असेल. चिरा संपून ही माती लागली की खाण संपते. कुळागरांना (सुपारीच्या बागांना) पाणी पुरवणाऱ्या कितीतरी झरी नेमक्या याच सांध्यावर फुटतात, कारण जांभ्यातून खाली आलेले पाणी चिकणमातीवर अडते आणि उताराच्या बाजूला वाट काढते.

या उलट्या क्रमाने सर्वांत जास्त फसते ती सिस्मिक रिफ्रॅक्शन. पद्धत साधी आहे : जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवून मोठ्या हातोड्याने ठोका द्यायचा आणि ओळीत मांडलेल्या जिओफोनांपर्यंत (जमिनीचे कंपन टिपणाऱ्या खुंट्यांपर्यंत) पहिले कंपन किती मिलिसेकंदांत पोचते ते मोजायचे. खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान असेल तर कंपन त्याच्या माथ्यावरून धावून परत वर येते. पण खालचा थर संथ असेल तर कंपन त्यात शिरताना खाली वाकते, त्याच्या माथ्यावरून परत येतच नाही. पहिल्या ठोक्यांच्या नोंदीत त्या थराची स्वतंत्र खूण उमटत नाही.

याचा परिणाम किती होतो ते आकड्यांतच पाहा. समजा वर ६ मीटर जांभा, वेग सेकंदाला १८०० मीटर. खाली ९ मीटर चिकणमाती, वेग ८०० मीटर. मग ताजा खडक, वेग ४५०० मीटर. खडक खरोखर १५ मीटरवर आहे. चिकणमातीत गेलेला वेळ नोंदीत आहे, पण माती दिसत नाही म्हणून गणित तो सगळा वेळ जांभ्याच्या खात्यावर घालते. उत्तर येते : वर सुमारे २८ मीटर कठीण जांभा आणि त्याखाली खडक. म्हणजे खडक जवळजवळ दुप्पट खोल दाखवला, आणि डोंगर कापताना जी माती घसरणार ती अहवालातून पुसली गेली.

सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या चमूत होतो तिच्याकडून हेच घडले. जागेचे नाव घेत नाही. रिफ्रॅक्शनने ‘सलग कठीण थर’ दाखवला, आम्ही तसे लिहून दिले, आणि त्यावर विसंबून उतार जवळजवळ उभा कापला गेला. जुलैमध्ये कापाचा तळ फुगला आणि वरचा जांभा मोठ्या ठोकळ्यांनी खाली आला. रात्रीची वेळ होती म्हणून कोणी सापडले नाही. तेव्हापासून जांभ्यावर एकट्या रिफ्रॅक्शनच्या अहवालावर मी सही केलेली नाही.

मऊ जमिनीने मोठ्या कामांनाही किती छळले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. कोकण रेल्वेचे मऊ मातीतले बोगदे हा त्या प्रकल्पातला अत्यंत अवघड भाग ठरला, आणि पेडण्याच्या बोगद्यात जुलै २०२४ मध्ये चिखल-पाणी शिरून गाड्या थांबवाव्या लागल्या.

मग सिस्मिक नकोच का? हवी, पण पृष्ठतरंगांची, म्हणजे जिला आपण एमएएसडब्ल्यू म्हणतो ती. हातोडा तोच, केबल तीच, फक्त जिओफोन कमी वारंवारतेचे, सहसा ४.५ हर्ट्झचे. यात पहिला ठोका न बघता जमिनीच्या पृष्ठावरून लोळत जाणारी लाट बघतात. तिच्यातल्या लांब लहरी खोलपर्यंतची जमीन अनुभवतात, आखूड लहरी वरवरची. कोणत्या लांबीची लहर किती वेगाने गेली यावरून प्रत्येक खोलीचा कर्तन तरंगांचा, म्हणजे जमीन आडवी हलवत जाणाऱ्या कंपनांचा, वेग काढता येतो. कठीणाखाली मऊ असले तरी ही पद्धत आंधळी होत नाही. दुसरा फायदा आपल्या पावसाळी मुलखात मोलाचा आहे. साधे दाबाचे कंपन पाण्यातूनही सेकंदाला सुमारे १५०० मीटरने जाते, त्यामुळे पाण्याने भरलेली चिकणमाती रिफ्रॅक्शनमध्ये बऱ्यापैकी कठीण वाटते. कर्तन तरंग पाण्यातून जातच नाही. तो मातीच्या कणांची पकड मोजतो, आणि पायाला व भिंतीला तीच हवी असते. चिकणमातीत हा वेग बहुधा २०० ते ३५० मीटरच्या घरात मिळतो, चांगल्या जांभ्यात त्याच्या दुप्पट किंवा अधिक.

एक सावधगिरी मात्र हवी. कठीण थर वर असताना लाटेचे वरचे मोड (एकाच लाटेचे वेगवेगळे कंपनप्रकार) मिसळतात आणि कच्च्या हाताने मूळ मोड म्हणून भलतीच रेघ उचलली जाते. म्हणून प्रक्रिया करणाऱ्याला विचारा, ‘मोड कसे ओळखले?’ त्याने लहरींची लांबी आणि वेग यांचा वक्र उघडून दाखवला तर त्याच्या बरोबर बसा.

रेझिस्टिव्हिटी टोमोग्राफी ही तुमच्या जागेसाठी दुसरी आवश्यक पद्धत. जमिनीत ओळीने इलेक्ट्रोड रोवायचे, दोनांतून वीज सोडायची, दुसऱ्या दोनांत व्होल्टेज मोजायचे आणि जोड्या बदलत जायचे. त्यातून रोधकता, म्हणजे जमीन वीज किती अडवते ते, ओहम-मीटरमध्ये मिळते. कोरडा जांभा हजारो ओहम-मीटर दाखवतो, ओली चिकणमाती दहांच्या घरात, ताजा खडक पुन्हा हजारांत. म्हणजे ‘वर जास्त, मध्ये कमी, खाली जास्त’ हा सँडविच विजेला छान दिसतो.

दिसतो खरा, पण मधल्या थराची जाडी वीज नक्की सांगू शकत नाही. दोन अवरोधक थरांमध्ये वाहक थर असला की मोजणीतून फक्त जाडी भागिले रोधकता एवढाच आकडा पक्का मिळतो. ६० ओहम-मीटरची ९ मीटर माती आणि ३० ओहम-मीटरची साडेचार मीटर माती, दोन्हींचा भागाकार ०.१५. जमिनीवर बसलेल्या यंत्राला या दोन्ही जवळपास सारख्याच. तुमच्या भिंतीच्या पायाला मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर. ही अडचण जास्त इलेक्ट्रोड लावून सुटत नाही, महागड्या सॉफ्टवेअरनेही सुटत नाही. बाहेरून जाडी आणावी लागते : एमएएसडब्ल्यूमधून किंवा बोअरमधून. म्हणूनच मी या दोन पद्धती एकाच रेषेवर, एकाच खुंट्यांवर करायला सांगतो. वीज बाजूची सीमा चांगली दाखवते, पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो. पृष्ठतरंग जाडी आणि पकड दाखवतो.

जीपीआरबद्दल थोडक्यात : तुमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. कोरड्या जांभ्यात काही मीटर दिसेल, चिकणमाती आली की लहर तिथेच विरते, आणि नेमके तुम्हाला त्या मातीखालचे बघायचे आहे. पुरलेल्या नळ-केबली शोधायला तो उत्तम, खोदकामाआधी त्यासाठी जरूर फिरवा.

चुंबकीय आणि गुरुत्वाकर्षण पद्धतींचे नाव तुमच्या यादीत नाही, पण खाणपट्ट्यात काम केलेला कोणीतरी ते सुचवेल, म्हणून लिहितो. डिचोली-सांगे पट्ट्यात लोक समजतात की लोहखनिज आहे म्हणजे चुंबकाला भरभरून दिसेल. आपले खनिज मुख्यतः हेमॅटाइट, त्याचे चुंबकत्व दुबळे. मॅग्नेटाइट शिल्लक असलेला मूळ पट्टेदार दगड जोरात दिसतो आणि त्याचाच कुजून समृद्ध झालेला, विकण्याजोगा भाग फिका पडतो. शिवाय आपण विषुववृत्ताच्या इतके जवळ आहोत की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र इथे जवळजवळ आडवे पडते. त्यामुळे वस्तूची खूण वस्तूच्या डोक्यावर बसत नाही, उत्तर-दक्षिण अशी सरकून बसते, दक्षिणेला चढ आणि उत्तरेला उतार. युरोपातल्या सवयीने चढावर बोअर मारला की हात रिकामा. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या पट्ट्याची खूण तर आणखीच क्षीण होते. तुमच्या जागेजवळ डोलेराइटचा डाईक (खडकात भिंतीसारखा घुसलेला काळ्या अग्निजन्य दगडाचा पट्टा) असल्याची शंका असेल तर एका सकाळीत मॅग्नेटोमीटर फिरवून होईल, स्वस्त आहे, करून घ्या. डाईक भूजल अडवतो, आणि त्याच्या दोन बाजूंना पाण्याची पातळी वेगळी असू शकते.

गुरुत्वाकर्षण मात्र इथे नको. ताज्या खडकाच्या जागी ८ मीटर चिकणमाती, घनतेतला फरक घनसेंटीमीटरला ०.८ ग्रॅम, आणि थर चारी बाजूंना पसरलेला धरला तरी गुरुत्वाकर्षणातला फरक जेमतेम पाव मिलिगॅल (गुरुत्व मोजण्याचे फार लहान एकक). अरुंद सरीत तो आणखी घटतो. तुमच्या उभ्या उतारावर डोंगराच्या आकाराची दुरुस्तीच त्याहून मोठी येईल.

खाजन जमिनीवर (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतीवर) काम निघाले तर वरचे सगळे विसरून वेगळा विचार करावा लागतो. बांधाआड खारे पाणी मुरलेल्या चिखलाची रोधकता एक-दोन ओहम-मीटरपर्यंत उतरते, आणि तिथे खारे पाणी कुठे संपते हा प्रश्न विद्युतचुंबकीय यंत्राने चालत चालत पटकन सुटतो. मला ते काम मनापासून आवडते, कारण गावाची गोड्या पाण्याची विहीर वाचवायची असेल तर त्यासारखे साधन नाही. पण तुमची जागा डोंगरावर आहे, म्हणून इथेच थांबतो.

आता प्रत्यक्ष मांडणी. पट्टे वायव्य-आग्नेय धावतात, म्हणून मुख्य रेषा त्यांना आडवी, ईशान्य-नैर्ऋत्य. ४८ इलेक्ट्रोड, ४ मीटर अंतर, म्हणजे १८८ मीटर लांबी. मध्यावर ३० मीटरच्या आसपास खोली मिळेल, टोकांना फारच कमी. रेषा तुमच्या हद्दीबाहेर जाईल, तेव्हा शेजाऱ्यांना आधी भेटा, कुळागरातून केबल न्यायची तर भाटकाराला (जमीनमालकाला) स्वतः जाऊन सांगा. अशा दोन समांतर रेषा घ्या, मध्ये २५-३० मीटर अंतर. पहिल्या रेषेवर जिथे खोल सरी दिसली तिथूनच वायव्य-आग्नेय दिशेने ती दुसऱ्या रेषेवर पोचली, तर पट्ट्यांचे चित्र बळकट होते. सरी अरुंद, उभी आणि दोन्ही कडांना तुटक असेल तर भेगांचा पट्टा. आणि दोन्ही रेषांवर वेडेवाकडे, एकमेकांशी न जुळणारे ठिपके आले, शिवाय कर्तन वेग सगळीकडे कमी निघाला, तर दरडीच्या राडारोड्याचा गांभीर्याने विचार करावा लागेल. तिसरी रेषा उताराच्या दिशेने, कापाच्या जागेवरून जाणारी घ्या. प्रत्येक रेषेवर वेनर आणि डायपोल-डायपोल अशा इलेक्ट्रोडांच्या दोन्ही रचना मोजा. पहिली आडवे थर चांगले पकडते, दुसरी उभ्या सीमा.

एमएएसडब्ल्यूला २४ जिओफोन, २ मीटर अंतर, ४६ मीटरचा पसारा. खोली साधारण त्याच्या निम्मी. तो पसारा रेषेवर सरकवत न्या.

वेळ चतुर्थी होऊन पाऊस ओसरल्यावरची, ऑक्टोबर-नोव्हेंबर. मे महिन्यात सड्यावर (जांभ्याच्या उघड्या सपाट माळावर) इलेक्ट्रोड रोवून बघा, जांभा इतका कोरडा असतो की वीज आत शिरतच नाही, आणि मग मिठाचे पाणी आणि बेंटोनाइट (पाणी धरून ठेवणारी चिकणमाती) ओतत बसावे लागते. भर पावसाळ्यात उलट, वाहत्या पाण्याने नोंदी अस्थिर होतात. हातात वेळ असेल तर मुख्य रेषा मे अखेरीस पुन्हा एकदा मोजा. दोन्ही चित्रांतला फरक म्हणजे पाणी कुठून वाहते त्याचा नकाशा, आणि तुमच्या भिंतीमागचा निचरा त्यावरच आखता येईल. हा खर्च लोक टाळतात. माझ्या मते इमारतीच्या संगमरवरी फरशीपेक्षा तो आधी करावा.

अहवालाकडून काय मागायचे तेही सांगतो. रंगीत चित्रावर समाधान मानू नका. कच्च्या नोंदींची फाइल मागा, उताराची खरी उंची गणितात घातली होती का विचारा, आणि सगळ्या रेषांना एकच रंगपट्टी लावायला लावा, नाहीतर एका चित्रातला निळा आणि दुसऱ्यातला निळा वेगळे असतात. निळ्यातून हिरव्यात जाणारी रेघ म्हणजे थराची सीमा नव्हे. गणित सीमा गुळगुळीत करते, खरी सीमा त्या बदलाच्या आत कुठेतरी असते. मोजलेल्या आणि गणिताने काढलेल्या आकड्यांतली त्रुटी ३ टक्के आली म्हणून चित्र बरोबर ठरत नाही, वरची ०.१५ ची दोन्ही उदाहरणे तितक्याच कमी त्रुटीने जुळतील.

बोअरवेलचा प्रश्न. हेच सर्वेक्षण काही प्रमाणात उपयोगी पडेल, पण एक चूक टाळा. चित्रातला सर्वांत निळा, सर्वांत कमी रोधकतेचा भाग पाहून तिथे यंत्र लावू नका. ती बहुधा चिकणमाती असते. तिच्यात पाणी आहे, पण ती ते सोडत नाही. बोअर ढासळतो, नाहीतर वर्षभर गढूळ येते. भेगाळलेला, थोडा कुजलेला खडक मधल्या आकड्यांत दिसतो, बहुधा शंभर ते तीनशे ओहम-मीटरच्या आसपास, आणि तोही पट्ट्यासारखा सलग खोल जाणारा हवा. ६० मीटर खाली असलेली चार बोटे रुंदीची एकटी भेग जमिनीवरून कोणत्याही यंत्राला दिसत नाही. ती दाखवतो असे सांगणाऱ्याला कृपया पैसे देऊ नका. गावातल्या पाणाड्याशी माझे भांडण नाही. झरी आणि जुन्या विहिरी कुठे आटतात, कुठे टिकतात हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असते, आणि ती माहिती मी आवर्जून विचारून घेतो. गोव्यात २००२ च्या भूजल नियमन कायद्यानुसार विहिरीसाठी आधी परवानगी लागते, ती प्रक्रिया आत्ताच सुरू करा. उताराखाली कुळागर असेल तर तिथल्या झरीचा प्रवाह बोअर मारण्याआधी मोजून, तारीख घालून लिहून ठेवा.

सर्वेक्षण झाल्यावर चौथा आणि पाचवा बोअर मारावा लागेलच. चौथा दोन रेषांच्या मध्ये, सरी जिथे सर्वांत खोल वाटते तिथे. पाचवा कापाच्या माथ्यावर, जांभ्यातून चिकणमातीत आणि पुढे ताज्या खडकात ३ मीटर जाईपर्यंत. पाचव्यात पाण्याची पातळी मोजायची नळी कायमची बसवा आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कोणाला तरी मोजायला लावा. भिंतीचा आराखडा त्या चार महिन्यांच्या नोंदी हातात आल्यावरच पक्का करा.